हंगामी पलटण

त्या पलटणीला सरकारी नंबर होता, निशाण होतं, बाजेवाल्यांचं पथकसुद्धा होतं. पण तिसगावच्या बाजारात तिला एकच नाव, हंगामी पलटण. आता पडलंच तसं नाव, त्याला कोण काय करणार? ज्वारीची मळणी उरकली की शेतकरी गडी भिंगारच्या छावणीत जायचे, दोन महिने खाकी चढवून कवायत करायचे, बंदुका झाडायचे, आणि पेरणीच्या आत घरी येऊन पुन्हा औताला लागायचे. कागदोपत्री ती प्रादेशिक सेना. कुणाला जबरदस्तीनं नेलेलं नाही, सगळे आपखुशीनं भरती झालेले. तरी कायमच्या फौजेतला एखादा जवान रजेवर आला की हमखास विचारायचा, "काय शिपाईबुवा, बंदूक घेऊन निघाला का खुरपं?" आणि हॉटेलात बसलेली सगळी टाळकी खदाखदा हसायची.

एकाहत्तरच्या डिसेंबरात ते हसणं बंद झालं. हंगामी पलटण लढाईवर गेली, एक पूल राखला आणि नऊ माणसं तिथंच ठेवून परत आली. त्या नवातला एक पुंजाराम, कानिफनाथाचा धाकटा भाऊ.

कानिफनाथ पलटणीत हवालदार होता. माणूस कामाला वाघ, पण डोकं म्हणजे पेटती चूल. कुणी आडवं बोललं की याचा आधी हात उठायचा आणि मग विचार यायचा. पुंजा अगदी उलटा. बैलाला चाबूक मारतानासुद्धा त्याचा हात अडखळायचा. त्याला भरती केलं ते कानिफनाथानंच. आई मनकर्णा नको नको म्हणत होती, तर हा छाती काढून म्हणाला, "आये, मी हाय की बरूबर. त्येच्या केसाला धक्का लागू देनार न्हाई." पुंजा निघाला म्हटल्यावर त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार छगनही निघाला. छगन हा विधवा राहीबाईचा एकुलता एक. पलटणीत दोघांना एकाच मशीनगनवर टाकलं. पुंजा गन चालवायचा आणि छगन शेजारी पडून त्याला गोळ्यांची मॅगझिनं द्यायचा.

पलटणीला राजस्थानच्या वाळूत नेऊन रेल्वेच्या एका पुलावर बसवलं. डाव्या अंगाला खंदक, उजव्या अंगाला खंदक. डाव्या खंदकात पुंजा आणि छगनची गन, तिच्यापुढं वाळूत पेरलेला सुरुंगांचा पट्टा, आणि पट्ट्याच्या पलीकडं चार झोपड्यांची एक वस्ती. सुरुंगांतून आपल्या माणसांना ये-जा करायला एक चिंचोळी वाट तेवढी मोकळी ठेवलेली. कानिफनाथ आपली तुकडी घेऊन उजव्या अंगाला, वाळूच्या टेकाडामागं होता. तिथनं डावा खंदक दिसत नव्हता, हे ध्यानात ठेवा.

जेवणाची भांडी पुढ्यात आली आणि तोफा सुरू झाल्या. पहिला गोळा स्वयंपाकाच्या डेगीवर पडला, डाळ आणि डाळ वाढणारा दोघंही उडाले. मग तो मारा थांबेचना. कानिफनाथाच्या शेजारी सोनईचा एक गडी भिंतीला टेकून विडी ओढत होता. तुकडा आला तो त्याची मान कापून गेला, आणि धड तसंच टेकून बसलेलं राहिलं, हातातली विडी जळतच होती. कानिफनाथानं ती त्याच्या बोटांतून काढून विझवली. का विझवली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग समोरची वस्ती पेटली. माणसं तर तिथनं केव्हाच पळालेली, पण त्यांनी जाताना जनावरं दावणीलाच ठेवली होती, आणि काटेरी कुंपणानं भडका घेतल्यावर ती हंबरायला लागली. अहो, हंबरणं म्हणजे साधं नव्हे! आग अंगाशी आल्यावर जनावर जो आवाज काढतं तो आवाज. एखादी शहरातल्या माणसांची पलटण असती तर तिनं तो ऐकून सोडला असता. पण ही सगळी गोठ्यात वाढलेली माणसं. आमच्याकडं गोठ्याला आग लागली की आधी दावी तोडायची, भांडीकुंडी आणि कपडालत्ता मग. म्हातारा माणूस घरात असला तरी एकानं त्याला उचलायचं आणि दुसऱ्यानं दावणीकडं पळायचं, हा रिवाज. त्यामुळं एकेक गडी खंदकात तळमळायला लागला. एकानं कानात बोटं घातली आणि तो लहान पोरासारखा रडू लागला. कानिफनाथानं त्याच्या कमरेत लाथ घातली. "कान झाक नाहीतर फोडून घे," तो ओरडला, "पन डोळं म्होरं ठेव!"

थोड्या वेळानं डावीकडून धडाधड स्फोट ऐकू आले, एकामागं एक. कानिफनाथाला वाटलं, पडले तिकडंही गोळे. मग तोफा एकाएकी थांबल्या, आणि डाव्या खंदकातली गन बोलायला लागली ती थांबायचं नावच घेईना. गन एवढा वेळ सलग चालते ती माणूस अंगावर आल्यावरच. "उठा रं!" म्हणून त्यानं तुकडीला आरोळी दिली आणि तो वाकून पळत सुटला.

टेकाडाला वळसा घालून तो पुढं आला तर शत्रूचे जवान सुरुंगांचा पट्टा ओलांडून खंदकात उतरलेले. त्यापुढं जे झालं त्याला लढाई म्हणायची की खाटिकखाना, तुम्हीच ठरवा. रायफल झाडायला जागा नव्हती. कानिफनाथानं पहिल्याला संगीन मारली ती बरगडीत अडकली, पाय देऊन ओढली तरी निघेना, तेव्हा त्यानं रायफल तिथंच सोडली आणि खंदक खणायचं फावडं उचललं. फावड्याचा हात त्याला लहानपणापासून बसलेला. पहिला घाव एकाच्या तोंडावर घातला, दुसरा दुसऱ्याच्या गुडघ्यावर, आणि तो खाली बसल्यावर डोक्यावर. एक अंगानं दांडगा पठाण त्याच्या उरावर बसून गळा दाबायला लागला, तर यानं त्याचा अंगठा दातात धरला आणि तोडून काढला. मागून आलेल्या तुकडीनं पठाणाला संपवलं. खंदकाचा तळ रक्तानं निसरडा झाला होता, गडी आपल्याच मेलेल्या माणसांवर घसरून पडत होते. जे आत शिरले त्यांतला एकही परत गेला नाही.

सगळं शांत झाल्यावर कानिफनाथ गनपाशी पोचला. पुंजा गनवर पालथा होता. पोटाखालची वाळू काळी पडली होती. तापलेल्या नळीला त्याच्या डाव्या हाताची कातडी चिकटली होती, ती सोडवताना सोलून निघाली. शेजारी छगन बसला होता. त्याचा डावा हात कोपरापासून लोंबत होता आणि उजव्या हातानं तो रिकाम्या मॅगझिनमध्ये गोळ्या भरतच होता. समोर गन चालवणारं कुणी उरलेलं नाही हे त्याला कळत नव्हतं. कानिफनाथानं मॅगझिन हिसकावून घेतलं तेव्हा तो त्याच्याकडं बघून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि कोसळला.

त्या मुलखात जळण कुठलं मिळणार? रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर पडले होते, त्यांच्यावर नऊ माणसांना ठेवलं. डांबराचा काळा धूर निघाला. पुंजाला अग्नी कानिफनाथानंच दिला. सुरुंगांच्या पट्ट्यात गाई-बैलांची फाटलेली धडं पडलेली त्यानं पाहिली होती, पण तेव्हा त्याच्या डोक्यात भावाशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं.

होळी झाली, आणि पलटणीला घरी सोडायची वेळ आली. भिंगारच्या मैदानावर सगळ्यांना बसवून मेजरसाहेबांनी पलटणीच्या लढाईची हकिकत वाचून दाखवली. शत्रूच्या तोफांनी आपले सुरुंग उडवून वाट केली, त्या वाटेनं हल्ला आला, आणि शिपाई पुंजारामनं शेवटच्या श्वासापर्यंत गन सोडली नाही म्हणून पूल वाचला. नाव घेतल्यावर सगळी पलटण उभी राहिली. कानिफनाथाचा ऊर भरून आला. भाऊ गेला खरा, पण कसा गेला बघा, असं त्याला वाटलं, आणि लढाईनंतर पहिल्यांदाच तो मटण पोटभर जेवला.

जेवणावर रम होती. यशया नावाचा भिंगारचाच एक ख्रिस्ती शिपाई, जखमी उचलणाऱ्यांतला, कानिफनाथाच्या शेजारी येऊन बसला. साधा माणूस, पण प्याला की पोटातलं ओठावर यायचं.

"हवालदार, सायेबांनी वाचलं ते झ्याक वाचलं," तो म्हणाला. "पन तोफा कशाचं सुरुंग उडवत्यात? मी डाव्या खंदकामागंच हुतो. जनावरांनी उडवलं."

"कसली जनावरं?"

"त्या वस्तीतली. कुनीतरी जाऊन दावी सोडली. जनावरं आगीला बुजल्याली, ती सरळ सुरुंगावर गेली. गाय उडाली, बैल उडालं, कालवडी उडाल्या. पार खंदकापोतूर वाट मोकळी झाली. त्याच वाटंनं आलं की ते, मेल्याल्या जनावरांच्या आडोशानं."

कानिफनाथाच्या हातातला मग तसाच राहिला. "सोडली कुनी?"

यशयाला आपण जास्त बोललो हे कळलं. तो उठायला लागला. कानिफनाथानं त्याची गचांडी धरून त्याला खाली बसवलं. "बोल, यशया. न्हाईतर तुला हितंच गाडीन."

"सोडताना म्या न्हाई बघितलं, येशूची आन," यशया म्हणाला. "छगन तेवढा दिसला. वस्तीकडनं सुरुंगामधल्या चोरवाटंनं पळत येत हुता, आन् मागं जनावरं उधळल्याली."

बस्स. कानिफनाथाला पुढचं काही ऐकायचं नव्हतं. तळपायाची आग मस्तकाला गेली. नऊ माणसं! चार गुरांपायी नऊ माणसं, आणि त्यात आपला पुंजा! छगनला दवाखान्यातून आधीच घरी सोडलं होतं. म्हणजे तो तिकडं तिसगावात मजेत, आणि त्या दिवशी आपणच त्याला खंदकातून खांद्यावर उचलून नेलेला. नगरहून निघालेल्या एस.टी.त सगळा रस्ताभर तो खिडकीची दांडी धरून बसला होता. कंडक्टरनं लढाईवरचा शिपाई म्हणून कौतुकानं बोलायचा प्रयत्न केला, तर यानं त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढं तिसगावपर्यंत मागं फिरकला नाही.

घरी मनकर्णा वाटच बघत होती. रडून झालं, मग डोळे पुसून ती सांगायला लागली. गावानं पुंजाच्या नावाचा दगड चावडीपुढं बसवायचं ठरवलंय. बाजारात अनोळखी बाया येऊन पाया पडतात, म्हणतात, तुमीच का त्या गनवाल्याची आई? म्हातारी आता त्यावरच जगत होती. घासभर भाकरी खायची तीही पुंजाचं नाव घेऊन.

"आन् छगन रोज येतो बघ," ती म्हणाली. "एक हात ऱ्हायला न्हाई त्येला, तरी पानी भरून देतो, सरपन फोडून देतो. म्या म्हनलं, बाबा, तू कशाला? तर म्हनतो, काकू, पुंजा असता तर त्यानं केलंच असतं का न्हाई? लई गुनाचं लेकरू."

हे ऐकलं आणि कानिफनाथाचं उरलंसुरलं डोकं गेलं. माझ्या भावाला खाल्लं आणि माझ्या आईच्या हातचा चहा पितोय काय! त्यानं कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. मनकर्णानं विचारलं तर म्हणाला, "सरपन आनतो." आणि भर उन्हात तो छगनच्या मळ्याकडं निघाला.

छगनचा मळा ओढ्यापलीकडं. कापणी झालेल्या रानात तो एकटाच कडब्याची गंज रचत होता. पेंढी उजव्या हातानं उचलायची, तुटक्या कोपरानं दाबायची, पुन्हा दुसरी उचलायची. घराच्या ओसरीवर राहीबाई निवडण-टिपण करत बसलेली, पण ती लांब, आवाज देऊनही नीट ऐकू येणार नाही इतकी लांब.

"आलास व्हय नाथाभाऊ!" छगनचं तोंड उजळलं. मग त्यानं कुऱ्हाड बघितली, कानिफनाथाचे डोळे बघितले, आणि हातातली पेंढी हळूच खाली ठेवली.

"वस्तीतली जनावरं कुनी सोडली?"

छगननं खाली ठेवलेली पेंढी पायानं गंजीकडं सरकवली.

"छगन्या, तुला इचारतोय! यशयानं बघितलंय तुला. कुनी सोडली?"

छगननं एकदा घराकडं बघितलं. मग तो म्हणाला, "म्या सोडली."

कानिफनाथानं कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्याची मागची बोथट बाजू, त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. छगन गुडघ्यावर आला. "नऊ मानसं!" कानिफनाथ ओरडला. "नऊ मानसं खाल्लीस, रांडेच्या!" दुसरा घाव बरगडीवर. छगन आडवा झाला, तोंडातून रक्ताची गुळणी आली, पण त्यानं ना हात वर केला ना आरडाओरडा केला. हेच तर कानिफनाथाला सोसेना. लढाईत माणूस अंगावर येतो, चावतो, ओरबाडतो, त्याला मारायला जोर येतो. हा नुसता पडून बघत होता. "उठ की! हात उचल!" कानिफनाथानं त्याला लाथ घातली. "माझ्या आईच्या घरात येतोस? तिचं पानी भरतोस? लाज न्हाई वाटत भडव्या?"

राहीबाईनं ते ओसरीवरून बघितलं होतं, आणि कशापायी चाललंय हे तिला न ऐकताच कळलं होतं. ती अनवाणी धसकटांतून पळत निघाली होती, पदर सुटला होता, पाय रक्ताळले होते, आणि ती बोंबलत होती. "मारू नगंस रं! त्यानं न्हाई सोडली! तुझ्या पुंजानं सोडली! पुंजानं!"

शब्द आले, कानात शिरले, त्यांचा अर्थसुद्धा लागला. पण कुऱ्हाड तोवर खाली आली होती. तुंबा छगनच्या कानशिलावर बसला.

राहीबाई येऊन लेकावर पडली. "पुंजा गेल्ता दावी सोडाया," ती ऊर बडवत सांगत राहिली. "ह्यो त्येला वढून आनाया मागं पळाला. पुंजा आईकंना. सगळी दावन सोडली त्यानं, आन् मग धुरातनं त्याच चोरवाटंनं ह्येच्या मागनं गनवर आला. मरताना गनवर पडल्यापडल्या ह्येला म्हनला, माझ्या दादाला आन् आईला कळू दिऊ नगंस. ह्येनं मला शपथ घातली हुती रं! मला तरी कशाला सांगितलं असतं, पर तापात बरळला आन् मला कळलं. माझ्या लेकराला मारलंस रं मेल्या, ज्येनं तुझ्या भावाची अब्रू झाकली त्येला मारलंस!"

कानिफनाथाला पटवून द्यायची गरजच पडली नाही. चाबूक मारताना हात अडखळणारा पुंजा त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. जनावरं जळत असताना पुंजा खंदकात बसून राहील? छे! त्याला हे त्या दिवशीच कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, तरी त्याला. त्यानं कुऱ्हाड टाकली आणि जमिनीवर डोकं आपटून घ्यायला सुरुवात केली. मग छगनचा श्वास चालू आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं त्याला खांद्यावर घेतलं आणि तो रस्त्याकडं धावला. लढाईतही त्यानं त्याला असाच उचलला होता.

बाजाराचा माल उतरवून नगरला परत चाललेला एक टेम्पो मिळाला. मागं रिकाम्या पोत्यांवर छगन, त्याचं डोकं कानिफनाथाच्या मांडीवर, आणि पायाशी राहीबाई. करंजीच्या घाटात छगननं डोळे उघडले.

"नाथाभाऊ," तो म्हणाला, "पुंजा भ्याला न्हाई बरं का. त्येला कळलं हुतं आपल्या हातनं काय झालं ते. मी म्हनलं मागं सर, मी चालवतो. तर गनवरनं उठला न्हाई."

"बोलू नगंस. गप पड. तुझ्या पाया पडतो, गप पड."

"काकूला सांगू नगंस," छगन म्हणाला. घाट संपायच्या आत तो गेला. कानिफनाथानं त्याच्या तोंडावरचं रक्त आपल्या खाकी शर्टानं पुसलं. टेम्पोवाल्याला काहीच माहीत नव्हतं, तो गाडी पळवतच राहिला.

नगरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात फौजदार आला. सोबत पाथर्डीकडचा एक म्हातारा पोलीस होता, त्याला तिसगावातलं घर न् घर माहीत. कानिफनाथ जागचा उठून उभा राहिला, पलटणीत उभा राहायचा तसा ताठ. "मी मारला," तो म्हणाला. "कुऱ्हाडीनं."

"का?"

इथं कानिफनाथ थांबला. खरं सांगितलं तर? लढाईच्या रागाच्या भरात झालं म्हणून कोर्टाला दया आली असती, शिक्षा हलकी झाली असती. पण मग पलटणीच्या हकिकतीतून पुंजाचं नाव निघालं असतं. आठ घरांतल्या आया-बायांनी त्या नावावर बोटं मोडली असती. चावडीपुढचा दगड बसला नसता, आणि म्हातारी भाकरीचा घास कुणाचं नाव घेऊन गिळणार होती?

"बांधावरनं," कानिफनाथ म्हणाला. "शेताच्या बांधावरनं भांडान हुतं."

म्हाताऱ्या पोलिसानं मान हलवली. "साहेब, यांचा बांधाला बांध नाही. मधी ओढा हाय. ह्यो खोटं बोलतोय."

फौजदारानं राहीबाईकडं बघितलं. "तुम्ही होता ना तिथं? आई, तुम्ही सांगा. कशावरून मारलं?"

राहीबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं कानिफनाथाकडं बघितलं, आणि त्या बघण्यापुढं फावड्याचे घाव घालणाऱ्या त्या हवालदारानं मान खाली घातली. तिनं तोंड उघडलं असतं तर कुणाची बिशाद होती तिला गप्प करायची? तिचं आता काय राखायचं राहिलं होतं?

"बांधावरनं," राहीबाई म्हणाली.

"अहो बाई, पण बांध कुठं..."

"मी सांगते न्हवं, बांधावरनं!" ती कडाडली. "ल्ह्या तुमी!"

फौजदार साक्षीदार बघायला आत गेला तेव्हा कानिफनाथ तिच्या पायाशी बसायला गेला. तिनं पाय मागं ओढले. "तुझ्यासाठी न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझ्या भावासाठी बी न्हाई. माझ्या पोरानं जीव दिला पर तोंड उघडलं न्हाई. त्येचं ते मरान म्या वाया जाऊ देनार न्हाई. तू मातर जलमभर जळ."

संध्याकाळच्या गाडीनं मनकर्णा आली. कुणीतरी गावात सांगितलं होतं, आणि म्हातारी होती तशी निघाली होती. व्हरांड्यात माणसांची ही गर्दी. कानिफनाथाच्या हातात बेड्या पडल्या होत्या, दोन्ही बाजूंना पोलीस होते. ती आधी त्याच्याकडं आलीच नाही. राहीबाईच्या गळ्यात पडून रडली, "बाई, माझ्या पोटी ह्यो राक्षस कसा निपजला गं" म्हणाली. राहीबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग मनकर्णा उठली, कानिफनाथापुढं आली आणि सगळ्यांदेखत तिनं त्याच्या मुस्काटीत मारली.

"बांधासाठी?" ती म्हणाली. "हातभर मातीसाठी माझ्या पुंजाच्या जोडीदाराला मारलंस? ज्येनं हात घालवला, पर माझ्या लेकराला गनवर एकला सोडला न्हाई, त्येला? अरं, माझा पुंजा देवमानूस. त्यानं कधी मुंगीला दुखावलं न्हाई, आन् मरताना सुदीक दुसऱ्यांसाठी मेला. तो आज असता तर तुझं तोंड बघितलं नसतं त्यानं. व्हय का न्हाई? बोल की!"

"व्हय, आये," कानिफनाथ म्हणाला. "नसतं बघितलं."